कापराचं रान

स्वेटर धुवायला घेताना सौमूला कापराचा वास आला आणि तिचे हात बादलीवरच थांबले. टांगा बंदराच्या त्या दमट, खारट हवेत लोकरीचा स्वेटर हीच मुळात न पटणारी गोष्ट होती. तिचा नवरा हेमेदी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोरोग्वेला आपल्या आजारी काकांकडे जायचा, आणि कोरोग्वे तर बंदरापेक्षाही तापलेलं गाव. शर्ट पाठीला चिकटतो अशा गावी माणूस स्वेटर कशाला नेतो, हा प्रश्न तिला तीन वर्षं अधूनमधून चावून जात होता. एकदा हेमेदी म्हणाला होता, बसमध्ये वारा लागतो. ते उत्तर तिनं न आवडलेलं कापड घडी करून ठेवावं तसं ठेवून दिलं होतं. आता तिनं स्वेटर नाकाशी धरला. लोकर, घाम, चुलीचा धूर, आणि सगळ्याच्या तळाशी कापूर. कापूर म्हणजे मयत. मयताला अंघोळ घालताना शेवटच्या पाण्यात कापूर घालतात, आणि मग तो वास त्या घरात, त्या घराच्या माणसांच्या कपड्यात चार दिवस राहतो.

"कोण गेलं?" तिनं अंगणातूनच विचारलं.

हेमेदी उंबऱ्यात बसून रेडिओची मागची बाजू उघडून बघत होता. "कोण कुठं गेलं?"

"स्वेटरला कापराचा वास येतोय."

तो एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारा माणूस. या वेळी त्यानं एक स्क्रू फिरवून काढला, तळहातावर ठेवला, मग म्हणाला, "काकांच्या छातीला चोळतात. जुना खोकला. तुला सांगितलं होतं की."

सांगितलं नव्हतं. सौमू बावीस वर्षं घायपाताच्या गिरणीत तपासनीस होती. पोती आणि दोरखंड तिच्या हाताखालून जात, आणि गाठ कुठं आहे, पीळ कुठं सुटलाय, हे डोळ्यांच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. गिरणीत म्हणायचे, सौमूच्या हाताखालून देवाचा दोरसुद्धा सुटायचा नाही. त्या उत्तरात गाठ होती. तिनं स्वेटरच्या खिशात बोटं घातली तर दोन कागद निघाले. एक, क्वेंगोमा राखीव जंगलाच्या फाटकावरची पावती, तारीख गेल्या रविवारची. दुसरा, बायकांच्या लोकरी पायमोज्यांवर चिकटवलेला असतो तो कागद, माप लहान. क्वेंगोमा कोरोग्वेच्या कितीतरी पुढं, वर डोंगरात. आणि या शहरात पायमोजे घालणारी एकही बाई तिला ठाऊक नव्हती. तिनं कागद ओच्यात खोवले, स्वेटर बादलीत बुडवला, आणि वास जाईपर्यंत घासत राहिली. तो गेला नाही, की तिच्याच नाकात बसला होता, कोण जाणे.

तिचा बाप गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बाप मचव्यावर खलाशी, महिन्यातले दहा दिवस पांगानीच्या खाडीकडं. घरात कापराचा वास भरलेला, बायका चटयांवर बसलेल्या, आणि दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. तिच्या मागं दोन मुलगे. कोणी विचारायच्या आधीच सगळ्यांना कळलं, कारण मुलांची कपाळं बापाचीच होती, ती रुंद, मधे खाच असलेली. सौमूची आई उठली, त्या बाईला चटईवर जागा दिली, आणि पुन्हा बसली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पुढं कितीतरी वर्षं सौमू आईला विचारायची, तुला कधीच कसं कळलं नाही गं? आई म्हणायची, "मी विचारलंच नाही." आईच्या तोंडून ते वाक्य ऐकताना सौमूला जी शिसारी यायची, त्या शिसारीतून तिचा स्वभाव घडला. आपण आईसारखं व्हायचं नाही. आपण बघायचं, हुंगायचं, खिसे चाचपायचे. दारात कोणी येऊन उभं राहण्याआधी आपणच त्या दारात जाऊन उभं राहायचं.

बुधवारी तिनं सांगितलं, गिरणीतल्या एकीच्या मुलीचं लग्न आहे, मुहेझाला, उद्या सकाळी निघते. हेमेदी म्हणाला, "जा की. उशीर झाला तर राहा तिथंच." इतकं सोपं? पंचवीस वर्षांच्या संसारात ती एकटी लग्नाला निघाली तर हा माणूस निदान विचारायचा, कुणाची मुलगी, नवरा काय करतो. तो विचारत नाही, म्हणजे त्याला त्या दिवसाचा उपयोग आहे. रात्रभर ती त्याच्या श्वासाकडं लक्ष देऊन पडून राहिली.

सकाळी नळावर शेजारीण म्हणाली, "रुकियाची आई, आज नटूनथटून कुठं?" गल्लीत तिला अजून रुकियाची आईच म्हणत. लेक घर सोडून गेल्याला तीन वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं होतं, घर पडलं तरी पत्ता तोच राहावा तसं. "लग्नाला," सौमू म्हणाली, आणि अंगावर गुंडाळलेल्या नव्या छापील कांग्याचा पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला.

बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली. त्या बाईला काय म्हणायचं, हेमेदीला काय म्हणायचं. पहिल्या वाक्यात ओरडायचं नाही. आत जाऊन बसायचं, पाणी मागायचं. तिनं त्या बाईचा चेहराही मनात तयार केला: डोंगरातली, गोल गालांची, थंडीनं ओठ फुटलेली, लहान पायांची. दोन्ही बाजूंना घायपाताच्या रांगा पळत होत्या आणि वाक्यं हळूहळू धारदार होत गेली. मोंबोला गाडी बदलली. घाट सुरू झाला. वळणावळणावर खालचं गरम मैदान मागं पडत गेलं, खिडकीतून गार हवा आली, सोनीच्या बाजारात बायकांनी आलुबुखारांच्या टोपल्या खिडकीशी धरल्या, आणि तिच्या हातावर काटा आला. स्वेटरचं कोडं तेवढं सुटलं. बसमध्ये वारा लागतो, म्हणे. त्या गारव्यात तिला मोरोगोरो आठवलं. तिथंही ती अशीच एकटी, अशीच वाक्यं जुळवत गेली होती. रुकिया तिथं शिक्षिका होण्याच्या कॉलेजात होती. सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या फोनवर कुणा मास्तरचे निरोप: 'आज सहाला ये. कोणाला सांगू नकोस.' सौमूनं लेकीला विचारलं नाही. ती थेट कॉलेजात गेली आणि प्राचार्यांच्या खोलीत, चार माणसांसमोर, त्या मास्तरचं नाव घेऊन बोलली. मास्तरची बदली झाली. मुलीकडं सगळं कॉलेज बघायला लागलं. ओसरीत रुकिया भिंतीला टेकून उभी होती, रडत नव्हती. म्हणाली, "आई, तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं." त्यानंतर ती घरी आली नाही. आरुशाला कुठल्या हॉटेलात कामाला आहे, बरी आहे, एवढं हेमेदीनं कुठूनसं कळल्यासारखं सांगितलं होतं आणि तो विषय मिटवला होता.

क्वेंगोमाच्या फाटकावर पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात शेंबिलू नावाचा म्हातारा वाटाड्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला कोयता. त्यानं नोंदवही पुढं सरकवली. सौमूनं आपल्या नावापुढं नवऱ्याचं नाव न लिहिता बापाचं लिहिलं, आणि लिहिता लिहिता पानं मागं उलटली. पहिला रविवार: हेमेदी शेकालाघे, टांगा. त्याच्या मागचा पहिला रविवार: हेमेदी शेकालाघे. वही सुरू झाल्यापासून एकही पहिला रविवार चुकलेला नव्हता.

"बाई, तुमचं पान पुढचं आहे," शेंबिलू म्हणाला.

"कोण कोण येतं बघत होते."

"झाडं बघायला येतात. वही बघायला आलेल्या तुम्हीच पहिल्या." त्यानं वही बंद केली. "एकट्याच? चला मग. वाटाड्याशिवाय आत सोडत नाही."

आत शिरल्यावर उजेडच बदलला. दहा पावलांवर मागचं फाटक दिसेनासं झालं. झाडं इतकी उंच की वर काय चाललंय ते खालच्याला कळू नये, आणि वरून धुकं उतरत होतं, सावकाश, कोणी बघत नाहीसं पाहून उतरावं तसं. सौमूला ते रान आवडलं नाही. इथं कोणीच आपल्या पायावर उभं नव्हतं. बुंध्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या बेचक्यात तिसऱ्याच कुणाची मुळं. एका झाडाला दुसऱ्यानं असं कवेत घेतलं होतं की आतलं केव्हाच मेलं होतं आणि बाहेरच्यानं त्याचा आकार तेवढा धरून ठेवला होता. कुठंतरी काहीतरी पडलं, टप्, आणि पुन्हा शांतता. पण ती रिकामी शांतता नव्हती, आपण दारात आल्यावर खोलीतले लोक गप्प होतात तसली होती. ती वाटेवरच्या ओल्या मातीकडं बघत चालली. पावलं होती. बुटांची मोठी, ती शेंबिलूची. त्यांच्या बाजूनं लहान, निमुळती, बाईची.

"रानात आलेली माणसं वर बघतात," शेंबिलू पुढून म्हणाला. "तुम्ही खालीच बघताय. काही पडलंय का?"

"इथं बायका येतात?"

"येतात की. आता तुम्ही नाही का आलात?"

"रोज येणारी म्हणते मी."

तो थांबला, कोयत्यानं वाटेवरची वेल बाजूला केली. "बाई, मी पूर्वी करवतीवर होतो. हीच झाडं पाडायचो. एक माणूस खड्ड्यात, एक वर. आता हीच दाखवतो. झाडांबद्दल काय वाटेल ते विचारा, कुणी लावलं, किती जुनं, कुणी चोरलं. माणसांबद्दल विचारू नका. मला ते जमत नाही."

"टांगा बंदराहून एक जण येतो. दर महिन्याला. उंच, जरा वाकून चालणारा. माझ्या नात्यातला आहे."

"असेल."

"कुणाबरोबर फिरतो तो?"

शेंबिलूनं तिच्याकडं पाहिलं, नव्या कांग्याकडं, चिखलानं भरलेल्या चपलांकडं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, दयाही नव्हती. "वर एक मुलगी असते," तो म्हणाला. "कामाला. तिच्याबरोबर. डबा आणतो, दोघं जेवतात, तो जातो. झालं?"

मुलगी. म्हणजे बाईसुद्धा नाही, मुलगी. डबा आणतो. खरं सांगायचं तर सौमूला त्यात एक प्रकारचं समाधानही वाटलं. बोटाला गाठ लागली होती. आपण आईसारख्या झालो नाही. तिला घाई झाली. म्हाताऱ्याला मागं टाकून ती चढू लागली, मुळांना धरून, आणि एका वळणावर एकदम तोच वास आला. तिनं चमकून मागं पाहिलं. कोणी नव्हतं. समोर एक झाड होतं, खोलीएवढ्या घेराचं, आणि त्याची एक फांदी नुकतीच मोडून पडली होती.

"कापराचं झाड," शेंबिलू धापा टाकत आला. त्यानं एक पान चुरगळून तिच्या तळहातावर ठेवलं. "माझ्या आज्याच्या आज्याच्याही आधीचं. याच्याखाली बसलं की कपड्यांना वास लागतो, धुतलं तरी जात नाही."

म्हणजे कोणी मेलं नव्हतं. तिनं पान नाकाशी धरलं आणि झाडाकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. खांद्याच्या उंचीवर पत्र्याचा एक तुकडा ठोकलेला होता आणि त्यावर खिळ्यानं कोरलेला आकडा: 717. दोन्ही सातांच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली, आणि रेघेचं उजवं टोक जरा वर उचललेलं. सौमू ते टोक बघत राहिली. शहरात असा सात कोणी लिहीत नसे. गिरणीत ती लिहायची, पोत्यांवर, खडूनं, म्हणजे एक आणि सात यांत घोटाळा होऊ नये. आणि घरी एका पोरीचा हात हातात धरून तिनं पाटीवर तो गिरवून घेतला होता, पुन्हा, पुन्हा, रेघ अशी, टोक असं. तिनं पत्र्यावर बोट ठेवलं. बोटानं आधी ओळखलं. मग डोळ्यांनी. मग ती तिथंच मुळावर बसली.

"हे कुणी लिहिलं?"

"रुकियानं. इथल्या सगळ्या झाडांवर तिनंच लिहिलंय. दर वर्षी मापं घेते, कोण किती वाढलं." शेंबिलू बोलता बोलता थांबला. तो समोर उकिडवा बसला आणि तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश बघत आला, एखादं झाड ओळखावं तसा. "असं आहे होय," तो म्हणाला. "तुम्ही नाव चुकीचं लिहिलंत वहीत."

ती किती वेळ बसली होती ते तिला नंतर आठवेना. राग आला तो आधी हेमेदीचा आला, आणि तो तिनं बसमध्ये तयार केलेल्या रागासारखा नव्हता. त्या बाईसाठी तिच्याकडं शब्द होते. याच्यासाठी एकही नव्हता. तीन वर्षं हा माणूस लेकीला भेटत होता, डबा नेत होता, पायमोजे नेत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्या हातची भाकरी खात होता. लेकीचा आवाज कानात घेऊन शेजारी निजत होता. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं, आणि ते वाटलं म्हणून तिला स्वतःची भीती वाटली. मग राग वळला. त्यानं का लपवलं? कारण तिला कळलं असतं तर ती आली असती. आणि आली असती तर काय केलं असतं? तेच. कचेरीत शिरली असती, विचारलं असतं, इथं रानात मुलगी एकटी कुणाच्या भरवशावर राहते, हा म्हातारा कोण, रात्री दार कोण लावतं. तिला ती सगळी वाक्यं आत्ताही येत होती. ती थोपवू म्हणता थोपत नव्हती.

"तिनं आईबद्दल काही सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"सांगितलं होतं. आई आहे म्हणाली."

"आणखी?"

"आणखी मी विचारलं नाही." शेंबिलू उठला. "वर जायचं का खाली? दोन्हीकडं सारखंच अंतर आहे."

ती वर गेली. चढ संपला तिथं धुकं पातळ झालं होतं, लाकडी खोपटासमोर रोपांचे वाफे होते, आणि पलीकडं, एका झाडाशी पाठमोरी, हिरवा कोट घातलेली मुलगी वहीत काही लिहीत होती. मान बारीक झाली होती. केस कापलेले होते. पायांत बूट, बुटांच्या वर राखाडी लोकरी मोजे दुमडलेले. पावलं ऐकून ती वळली, आणि कोणीही लहान माणूस वडीलधाऱ्याला म्हणतं ते तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शिकामू."

"मराहबा," सौमूनंही सवयीनं म्हटलं.

रुकियाचे डोळे आधी आईच्या मागं गेले, कोणी आणखी आहे का ते बघायला. मग हातांकडं, मग पिशवीकडं. सौमूनं ती नजर ओळखली. ती तिची स्वतःची नजर होती; इतकी वर्षं ती आतून बाहेर पाहणारी होती, आज पहिल्यांदा तिच्या अंगावर आली.

"बाबांनी सांगितलं?"

"नाही."

"मग कोणी?"

"कोणी नाही."

"उगाच कोणी क्वेंगोमाला येत नाही, आई. कशाला आलीस?"

सौमूला उत्तर ठाऊक होतं. तुला शोधत आले. तीन वर्षं शोधतेय. कोणीही विश्वास ठेवला असता, शेंबिलूसुद्धा. ओठांपर्यंत आलं होतं. मग तिला वाटलं की या पोरीच्या बोटांनाही गाठ कळत असणार.

"तुझ्या बापाला पकडायला आले," ती म्हणाली. "खिशात पायमोज्यांचा कागद सापडला. मला वाटलं, बाई ठेवलीय."

शेंबिलू खोकला आणि रोपांच्या वाफ्याकडं निघून गेला. रुकियानं खाली आपल्या मोज्यांकडं पाहिलं. तिच्या तोंडून एक आवाज आला, हसल्यासारखा, पण तो मधेच तुटला.

"म्हणजे मला शोधायला नाही आलीस."

"नाही."

"बरं झालं खरं बोललीस. नाहीतर फाटकापर्यंत पोचवून आले असते." तिनं वही मिटली. "बाबांना काही बोलू नकोस. मीच शपथ घातली होती."

"मास्तरचं मला कळलं," सौमू म्हणाली. तिचा आवाज तिला कुणा दुसरीचा वाटला. "तुझ्या वर्गातली एक भेटली होती बाजारात. तू गणितात नापास झाली होतीस. तो तुला शिकवत होता, आणि मला कळू नये म्हणून तू ते लपवत होतीस."

"केव्हा भेटली ती?"

इथंही खोटं बोलता आलं असतं. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं." रुकियानं ते सावकाश म्हटलं, मोजल्यासारखं. "दोन वर्षं तुला माहीत होतं. आणि तू गप्प बसलीस."

"कुणाला सांगू? तू कुठं होतीस मला ठाऊक नव्हतं."

"बाबांना सांगायचंस. शेजारीच तर होते ते."

माफ कर म्हणावं असं सौमूच्या मनात आलं, पण तो शब्द तिनं आयुष्यात इतक्या कमी वेळा वापरला होता की तोंडात तो कुठं ठेवायचा हे तिला कळेना. "चुकलं माझं," ती म्हणाली, एकदाच, हलक्या आवाजात, आणि वर कुठंतरी पांढऱ्या शेपटीचं माकड या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, त्यात ते ऐकू गेलं की नाही हेही तिला समजलं नाही. रुकियानं खिशातून मापाची फीत काढली, तिचं टोक सौमूच्या हातात दिलं, आणि तिला मागच्या झाडाशी नेलं. तेही कापराचंच, खालच्या झाडाहून मोठं.

"धर. अंगठा या खुणेवर. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. एरवी शेंबिलू आजोबा धरतात, पण त्यांचा हात कापतो."

सौमूनं अंगठा सालीवर दाबला. साल ओली, गार, खरबरीत. रुकिया फीत सोडत निघाली आणि बुंध्यामागं दिसेनाशी झाली. पावलं ऐकू येत होती, पाचोळ्यावर, मुळांवर, मग दूर. मग थांबली. फीत सैल लोंबत होती. सौमू वाट बघत राहिली. काहीच आवाज नाही. गेली, तिला वाटलं. मला इथं झाडाशी धरून ठेवलं आणि मागच्या मागं निघून गेली, मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं. मान वळवली असती, एक पाऊल बाजूला टाकलं असतं, तर दिसलं असतं. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. उभं आयुष्य तिनं अशा वेळी जाऊन बघितलं होतं. ती समोरच्या सालीतल्या भेगेकडं बघत राहिली, भेगेतून एक मुंगी वर चालली होती, आणि अंगठा पांढरा पडला तरी तिनं तो उचलला नाही.

मग फीत ताणली गेली. दुसऱ्या बाजूनं रुकिया आली. डोळे लाल होते, नाक बाहीला पुसलेलं होतं. तिनं वाकून आईच्या अंगठ्याखालची खूण पाहिली, वहीतला गेल्या वर्षीचा आकडा पाहिला, आणि कपाळाला आठी घातली.

"हलला नाही ना हात?"

"नाही."

"नक्की?"

या प्रश्नावर सौमू एरवी पेटली असती. गिरणीत कोणाची छाती नव्हती तिला असं विचारायची. तिनं लेकीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, त्या आठीकडं, त्या न पटलेल्या डोळ्यांकडं.

"परत मोज," ती म्हणाली, आणि अंगठा होता तिथंच ठेवला.